नातेवाईकांची तालीम

आमच्या कॉलेजात पाव्हणा आला तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून, थर्माकोलच्या चुऱ्यात रुतून. कमरेपर्यंतच होता. हात नाहीत, पाय नाहीत, डोळे अर्धवट मिटलेले, आणि रंग गोरापान, बीड जिल्ह्याचं ऊन एक दिवससुद्धा न खाल्लेला. रबरी छाती बरोबर दाबली की आतून टक् असा आवाज यायचा, तोंडातून हवा भरली की छाती वर यायची. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘पाव्हणा’ ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. “मॅडम, पाव्हण्याला कपाटातून काढू का?” असं विचारायची. नवीन माणसाला वाटायचं, ह्या बाईनं कुणाला कोंडून ठेवलंय की काय.

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या वेळी माणसाला झोपवायचं, त्याचा श्वास सांभाळायचा आणि त्याला परत उठवायचं, हा माझा धंदा. त्याच्या जोडीला शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी एक गोष्ट शिकवत असे: हृदय बंद पडलेला माणूस समोर आला तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं. छाती कशी दाबायची, श्वास कसा द्यायचा, शॉकची मशीन कधी लावायची. जिवंत माणसावर हे शिकता येत नाही, म्हणून पाव्हणा.

पोरं हुशार होती. दार बंद करून, पंख्याखाली, पाव्हण्यावर असे हात चालवायची की बघत राहावं. मी खूश. आणि मग एके सकाळी कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, जीपमधून एक पेशंट आला. त्याच्याबरोबर त्याचा भाऊ, भावजय, दोन मेहुणे, सरपंच, शेजारी आणि त्या शेजाऱ्याचा पाव्हणा. सगळे खाटेभोवती. माझ्या हाताखालची दोन पोरं त्या गर्दीच्या बाहेर उभी, बोबडी वळलेली. “बाहेर व्हा, बाहेर व्हा,” असं पुस्तकातलं वाक्य म्हणत होती. कोण होतंय बाहेर? शेवटी मी कोपरानं वाट काढत आत घुसले. तो माणूस वाचला, त्याच्या नशिबानं.

संध्याकाळी पोरांना मी असं झाडलं की बाहेर पोर्चमध्ये ऐकू गेलं. पण घरी गेल्यावर डोकं थंड झालं आणि कळलं, चूक पोरांची नव्हती, तालमीची होती. आपल्याकडं पेशंट एकटा येतो का कधी? ज्या कुणी ती पद्धत लिहिली त्याच्या देशात माणूस एकटा पडत असेल, एकटा उचलला जात असेल. आमच्याकडं माणूस पडला की गाव धावतं. कुणी तोंडात पाणी घालतं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी तळपाय चोळतं, कुणी डोकं मांडीवर घेऊन त्याला उठवून बसवतं. माया असते ती. पण त्या मायेनं माणूस जातो. तेव्हा पाव्हण्याला नातेवाईक पाहिजेत, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. हॉस्टेलला टँकर आला की पोरी बादल्या घेऊन पळायच्या, आणि पाव्हण्याचं तोंड आम्ही पाण्यानं धुवायच्या ऐवजी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचो. सहकारी साखर कारखान्याला ऊसच नव्हता, चिमणी थंड. कारखान्यानं आमच्या कॉलेजच्या कुंपणाला लागून असलेल्या मोकळ्या रानात चारा छावणी उघडली होती. गावोगावची जनावरं तिथं बांधलेली, आणि जनावरांबरोबर त्यांची माणसं. सकाळी चारा-पेंड वाटून झाली की संध्याकाळी धारा काढेपर्यंत ही माणसं सावलीला बसून राहायची. हाताला काम नाही. दूध संघाची गाडी संध्याकाळी यायची, तेवढीच काय ती गडबड.

त्या छावणीत माझे वडील होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. केज तालुक्यातलं, युसूफ वडगावच्या अलीकडचं आमचं गाव. दादा गावच्या दूध सोसायटीचे सचिव, किती वर्षं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. माझ्या क्वार्टरमध्ये या म्हटलं तर म्हणाले, “म्हशी तिथं आन् मी तुझ्या सोफ्यावर? लोक काय म्हणतील?” छावणीतच खाट टाकून राहिले. दादांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही. चेअरमनचं नाही, आईचं नाही, माझं तर नाहीच.

मी त्यांच्याकडं गेले आणि सांगितलं, दादा, मला खोटे नातेवाईक पाहिजेत. गोंधळ घालणारे.

दादांनी आधी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. मग विचारलं, “कावून? खरे कमी हाईत का तुझ्याकडं?”

मी समजावून सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माणसं घेऊन हजर, आणि नुसती माणसं नाही, रीतसर कमिटी! सोसायटीची मीटिंग घ्यावी तशी त्यांनी छावणीत मीटिंग घेतली होती, ठराव मांडला होता, अनुमोदन घेतलं होतं. पेशंटचा थोरला भाऊ खुद्द दादा. पेशंटची मावशी म्हणजे आमच्या गावच्या काकू, ज्यांची एकच गाय छावणीत होती आणि जीभ मात्र चौघींची होती. एक जण पुढारी, त्यानं सतत मोबाइल कानाला लावून “साहेबांना सांगू का?” असं दरडावत राहायचं. आणि आमच्या गेटवर केळी विकणारे चाचा. ते छावणीतले नव्हते, पण दादांशी त्यांची गप्पांची जोडी जमली होती. त्यांनी स्वतःच भूमिका मागून घेतली. म्हणाले, “बाई, मैं बी आता. माझं काम काय?” दादा म्हणाले, “तुमी नुसतं मधी उभं ऱ्हायचं.” चाचांनी ते काम असं केलं की पाव्हण्याजवळ जायला उंदरालासुद्धा वाट मिळू नये.

काय सांगू, बहार होती ती! काकू आत शिरतानाच छाती बडवत, “माज्या लेकराऽऽ,” म्हणत यायच्या. पहिल्या दिवशी तर खरोखरीचा पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि मी “अहो काकू!” म्हणेपर्यंत पाव्हण्याच्या तोंडात ओतलासुद्धा. रबरी फुप्फुसात पाणी गेलं. तो वाळवायला दोन दिवस उन्हात ठेवावा लागला. मी चिडले तर काकू म्हणतात, “आगं, टँकरचं पानी आमाला प्यायला न्हाई आन् त्याला दिलं, तरी तू मलाच बोलती?” मी कपाळावर हात मारला. पण मनात म्हटलं, अस्सं! हेच पाहिजे होतं मला.

पोरांना मी नवी पद्धत शिकवली. लोकांना ढकलायचं नाही, हाकलायचं नाही. ते जाणार नाहीत आणि तुमची मिनिटं वाया जातील. प्रत्येकाला काम द्या. ज्याला काम मिळतं तो आडवा येत नाही. जो जास्त ओरडतो त्याला पळायचं काम द्या. जी रडते तिला बघायचं काम द्या. मधे उभा राहतो त्याला दारात उभा करा. आणि हे सगळं छाती दाबताना, हात न थांबवता, मोठ्या आवाजात. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते आमच्या त्या खोलीत, छावणीतल्या माणसांच्या गोंधळात तयार झालं, आणि त्याचा मला आजही गर्व आहे. कुणाला चढेल वाटला तर वाटो.

आता त्या पोरीबद्दल. शेवटच्या वर्षाची होती, वडवणीकडच्या एका खेड्यातली. अभ्यासात पहिली. औषधांचे डोस झोपेत विचारा, सांगायची. हात तर असे की पाव्हण्याची छाती दर वेळी टक्. पण आवाज? पहिल्या बाकावर बसलेल्या मुलाला दुसऱ्या बाकावरून तिचं ऐकू यायचं नाही. तिची पाळी आली तेव्हा ती गुडघ्यावर बसून सुंदर छाती दाबत होती. इतक्यात दादा थोरला भाऊ बनून आत आले, मिशीला ताव देत, “कुठंय माझा भाऊ?” करत.

आणि ती उठली. छाती दाबणं सोडून, ओढणी सावरून, बाजूला सरून, मान खाली घालून उभी राहिली. घरात वडीलधारा माणूस आला की पोरीनं उठायचं, हे इतकं अंगात मुरलेलं की त्या अंगाला कळलंच नाही, समोर माणूस मरतोय. पाव्हणा तिथंच पडून. वर्गात खसखस पिकली.

“बस खाली!” मी ओरडले. “मेला तो! तुझ्या शिष्टाचारापायी मेला!”

दादा मात्र तिच्याकडं कौतुकानं बघत म्हणतात, “ओरडती कशाला गं? पोरीला वळण लई चांगलं हाय.”

मला असा संताप आला! ते वळणच तर मला मोडायचं होतं, आणि हे तिला शाबासकी देत होते. मी दादांनाच बाहेर काढलं. ते बाहेर जाऊन चाचांना सांगत होते, “लेक आमची तोफ हाय बरं का.”

तिला मी केबिनमध्ये बोलावलं. काय होतं तुला, विचारलं. म्हणाली, “मॅडम, आमच्या घरात बाया मोठ्यांपुढं बोलत नाहीत. माझी आई अजून आजोबांसमोर पदर तोंडाशी धरते. मला सगळं येतं. पण कुणी वयानं मोठं माणूस समोर आलं की घसाच बंद होतो.” मग आणखी हळू, “मी पुढं लॅबमध्ये जाईन. रक्त-लघवी तपासायची. तिथं कुणी बोलत नाही.”

लॅबचं काम हलकं असं मी म्हणत नाही. पण ती ते आवडीनं निवडत नव्हती, भिऊन पळत होती. तिचे ते हात मी बघितले होते. शंभर पोरांत एखादीचे तसे असतात. ते हात भीतीपायी काचपट्ट्या धरण्यात जाणार, ह्या विचारानं माझा जीव जळत होता. मी तिला स्पष्ट सांगितलं, आवाज फुटल्याशिवाय मी तुला कॅज्युअल्टीत उभी करणार नाही, आणि तिथं उभी राहिली नाहीस तर मनानं तू कधीच डॉक्टर होणार नाहीस. ती “बरं मॅडम” म्हणाली. तेही ओठातल्या ओठात.

त्यानंतर दर आठवड्याला तिची पाळी लावली. उठणं बंद झालं, तेवढी प्रगती. कुणाला काय काम द्यायचं हेही बरोबर ओळखायची. पण सांगायची कुजबुजत, आणि दादा आले की तेही बंद. दादांना तर चेवच चढायचा. मुलांवर, “कोण बे तू? मिसरूड फुटलं न्हाई आन् डॉक्टर म्हनं!” असं डाफरायचे, आणि हिच्यासमोर, “ए पोरी, सर, सर. मोठ्या डॉक्टरला बोलव.” ती सरायची. तालीम संपल्यावर हेच दादा तिला बाजूला घेऊन, “जेवली का? हॉस्टेलला पानी आलं का?” विचारायचे. तिला ते आजोबांसारखे वाटायचे, आणि खरा घोळ तोच होता. परक्या म्हाताऱ्यावर कदाचित ओरडली असती, ह्यांच्यावर कशी ओरडणार?

उन्हाळ्यातली अशीच एक दुपार. तिची पाळी. दादा नेहमीप्रमाणे आले, ओरडले, तिचे हात थांबले. ह्या खेपेला माझा तोल सुटला. सगळ्यांदेखत म्हटलं, “जा मग लॅबमध्ये! पाव्हणासुद्धा कंटाळला तुला.” तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. शांतपणे म्हणाली, “हो मॅडम. मी ठरवलंय. हे माझ्याच्यानं होत नाही. पुढच्या वेळी माझी पाळी लावू नका.” आणि खोलीच्या कोपऱ्यात जाऊन सामान आवरायला लागली.

तालीम संपली. रिवाजाप्रमाणे सगळ्यांसाठी व्हरांड्यात चहा आला. दादा पायरीवर बसले, बशीत चहा ओतला. मी त्यांच्यावरही फुगलेली, खांबाला टेकून उभी. दादा मला म्हणाले, “तू लई कडू बोलती पोरीला. तिला जरा...” आणि बशी त्यांच्या हातातून सुटली. ते एका कुशीवर कलंडले.

पुढारी हसला. “दादा, तालीम संपली! आता कुणाला दाखवता?” आणखी दोघं-तिघं हसले. चाचा म्हणाले, “क्या अ‍ॅक्टिंग हाय.”

पण दादांच्या घशातून घरघर आली. एकदा, थांबून परत एकदा. ज्यानं ऐकलंय त्याला ती ओळखता येते. लोकांना वाटतं श्वास चाललाय. तो श्वास नसतो.

मी धावले. नाडी बघितली, नव्हती. गुडघ्यावर बसले आणि छाती दाबायला लागले. आयुष्य गेलं होतं हे शिकवण्यात. कितीतरी माणसांच्या छात्या दाबल्या होत्या ह्या हातांनी. आणि माझे हात दादांच्या छातीवर होते, वरखाली होत होते, मला वाटत होतं मी दाबतेय. सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, तिथं टाचणी लावलेली, ती मला दिसत होती. तिच्याकडं बघत मी नुसतं दादांना चापटत होते, लहान मुलाला थोपटावं तसं. दादांना लागेल, असं माझ्या आतलं काहीतरी म्हणत होतं. देवाशप्पथ सांगते, मला ते कळलंसुद्धा नाही.

“मॅडम, बाजूला व्हा!”

आवाज कुणाचा ते ओळखू आलं नाही. व्हरांडाभर घुमला होता.

“दाब पोचत नाहीये! मॅडम, हात काढा!”

मी हात काढले नाहीत. तिनं माझ्या खांद्याला धरून मला अक्षरशः बाजूला केलं. “तुम्ही डोक्याकडं जा. श्वास तुमचा. अंबू घ्या.” अंबू म्हणजे श्वास द्यायचा रबरी फुगा. तो तिनं आतून येतानाच काखेत मारून आणला होता. तो माझ्या हातात कोंबला आणि पायरीवर वाकड्या पडलेल्या दादांकडं वळून दोघांना हुकूम सोडला, “ह्यांना खाली फरशीवर घ्या. सपाट! मान सांभाळा!” दादा फरशीवर आले आणि तिचे हात पडले. टाचणीबिचणी काही नाही. छाती खोल गेली, वर आली, खोल गेली.

काकू तांब्या घेऊन निघाल्या होत्या. सवयच ती. तोंडापर्यंत आल्या आणि मधेच थांबल्या. इतके आठवडे त्या स्वतः ते सोंग करत आल्या होत्या, प्रत्येक पोरानं त्यांना अडवलेलं होतं. ती दाबता दाबता ओरडली, “काकू, तांब्या खाली! पायापाशी बसा. पाय हलला की मला सांगायचं. दुसरीकडं बघायचं नाही!” काकू मुकाट पायापाशी बसल्या. “चाचा, कॅज्युअल्टी! शॉकची मशीन आणि डॉक्टर, दोन्ही घेऊन या. पळा!” चाचा लुंगीचं टोक वर खोचत असे सुटले की त्यांच्या वयाचा माणूस मी तसा पळताना कधी बघितला नव्हता. “तुम्ही, मोबाइल ठेवा आधी. पॅसेजमधली वाट मोकळी करा.” पुढाऱ्यानं मोबाइल खिशात टाकला आणि ज्या आवाजात तो साहेबांची धमकी द्यायचा त्याच आवाजात, “वाट सोडा, वाट सोडा,” करत गर्दी मागं रेटली. वर्गातला एक मुलगा तिच्या शेजारी बसवला, “मी थकले की तू. थांबायचं नाही.”

कुणी कुणाला काही विचारलं नाही. सगळ्यांना आपापलं काम माहीत होतं. अडथळा कसा करायचा हे शिकवायला मी त्यांना आणलं होतं, आणि अडथळा करता करता ती माणसं सगळं शिकून बसली होती.

आणि मी? मी दादांचं डोकं धरून बसले होते. फुगा दाबत होते. हनुवटी वर धरायची, मुखवटा घट्ट बसवायचा, हे माझं रोजचं काम. हात आपोआप चालायला लागले आणि मी शुद्धीवर आले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: अगं, हिनं तुला काम दिलं. त्या गर्दीत सगळ्यांत जास्त अडथळा तूच होतीस. नातेवाईक तू आहेस.

मधेच कट्ट असा आवाज झाला. बरगडी. माझ्या तोंडून “आई गं” निघालं आणि फुगा थांबला.

“मॅडम, फुगा!” ती माझ्याकडं न बघता ओरडली. मी दाबला.

मशीन आली. चिकटपट्ट्या लावल्या. पडद्यावर हृदय नुसतं थरथरत होतं, ठोका नव्हता. “सगळे लांब! काकू, तुम्हीसुद्धा! मॅडम, हात सोडा!” कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी शॉक दिला. दादांचं अंग उडालं. परत तिचे हात छातीवर. परत शॉक, परत दाबणं, परत शॉक. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, विचारूही नका.

“पाय हलला!” काकू किंचाळल्या. “आगं पोरी, पाय हलला! दोनी हलले!”

मग दादांचा हात वर आला आणि तिचा हात ढकलायला लागला. तोंडातून काहीतरी पुटपुट. मी वाकून ऐकलं. म्हणत होते, “कोण बे...” मी हसले की रडले मला माहीत नाही, बहुतेक दोन्ही एकदम.

संध्याकाळी त्यांना लातूरला हलवलं. रक्तवाहिनी उघडून जाळी बसवली. नंतर कळलं, सकाळपासून छातीत जळजळ होती आणि काकूंकडून ओवा घेऊन खाल्ला होता. कुणाला सांगतील तर ते दादा कसले!

मी लातूरहून परत आले त्या सकाळी ती केबिनच्या दारात उभी. डोळे सुजलेले. आत ये म्हटलं तर येईना. “मॅडम, माफ करा,” म्हणाली, “मी तुम्हाला सगळ्यांपुढं ओरडले. धरून ओढलं. आणि आजोबांची बरगडी...” आवाज परत तसाच, ओठातल्या ओठात.

माझं डोकंच फिरलं. “माफी? माफी मागितलीस तर थोबाडीत देईन,” मी म्हटलं. “माझा बाप जिवंत आहे तुझ्यामुळं. माझे हात लुळे पडले होते, तुझे नाही. पुन्हा कुणाला सॉरी म्हणालीस तर बघ.” आणि उठून मी तिला जवळ घेतलं. मला असलं काही जमत नाही, मी कधी कुणाला जवळ घेत नाही, पोरं साक्षी आहेत. ती एवढी दचकली की रडायची थांबली. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी सांगितलं, सोमवारपासून तू कॅज्युअल्टीत. ती म्हणाली, “हो मॅडम.” लॅबचं नाव त्यानंतर तिच्या तोंडून मी ऐकलं नाही.

दादांना लातूरहून आमच्याच वॉर्डात आणून ठेवलं. विश्रांती घ्यायची, उठायचं नाही, असं त्यांना मी सांगितलं, सिस्टरांनी सांगितलं, कॅज्युअल्टीतले डॉक्टर येऊन सांगून गेले. पण दुसऱ्याच दिवशी दादांचे पाय खाटेखाली, चपला शोधत. छावणीत म्हशीची धार कोण काढतंय, तिला परका हात चालत नाही, सोसायटीचं दूध कमी जाईल. मी चिडले, हात जोडले, आईची शपथ घातली. काही उपयोग नाही. भिंतीला धरून उभे राहायला निघाले.

तेवढ्यात ती वॉर्डात आली. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. दादांना बघून थबकली. मला वाटलं, झालं, आता मान खाली जाणार, ओढणी सावरणार.

दादांनी तिच्याकडं बघितलं. छातीवरच्या पट्टीवर हात ठेवला, जिथं बरगडी दुखत होती. मग तिला, ज्या पोरीला ते रोज “ए पोरी, सर” म्हणत होते तिला, हळू आवाजात विचारलं, “डॉक्टर, तुमी सांगा. उठू का मी?”

तिनं मान वर केली. वॉर्डच्या पार टोकाच्या खाटेवरच्या पेशंटनंसुद्धा वळून बघितलं, एवढ्या आवाजात ती म्हणाली, “नाही. अजिबात नाही. आडवे व्हा.”

दादांनी पाय वर घेतले आणि निमूट आडवे झाले.